टर्न-बेस्ड लढाई आता जुनाट झाली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही चौघं मित्र अंतिम वर्षाला आहोत आणि जपानी धाटणीचा एक आरपीजी, म्हणजे पात्रं वाढवत गोष्ट पुढे नेणारा व्हिडिओ गेम, करायला घेतलाय. लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाली खेळायची, ठेवायचं ठरलं होतं, पण ज्याला सांगावं तो म्हणतो, "एवढ्या मोठ्या जपानी आरपीजी मालिकेने, फायनल फॅन्टसीनेच सोडलं, तुम्ही काय धरून बसलात?" दादा, याला खरंच भविष्य आहे का, की आत्ताच अ‍ॅक्शनकडे, म्हणजे बटण दाबताक्षणी घाव पडतो अशा लढाईकडे, वळावं?

वळू नका. कारणं सांगतो, पण आधी हे सांगून टाकतो की मी यात तटस्थ नाही. चौदा वर्षं गेममधल्या लढाया रचण्याचं काम करतोय, त्यातल्या बहुतेक मोबाइलवरच्या आणि टर्न-बेस्ड. या प्रकाराचं वेड लागलं ते लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या प्लेस्टेशन २ च्या एका डिस्कमुळे. तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा आधी निकालात काढू. "तेव्हाची यंत्रं दुबळी होती, म्हणून बिचारे पाळीपाळीने लढायचे. आता यंत्रं तगडी झाली, मग कशाला?" ऐकायला पटतं, पण तारखा बघ. सुपर मारिओ ब्रदर्स आला सप्टेंबर १९८५ मध्ये. झेल्डा आला २१ फेब्रुवारी १९८६ ला. आणि ड्रॅगन क्वेस्ट त्यानंतर तीन महिन्यांनी, २७ मे १९८६ ला. म्हणजे ज्या फॅमिकॉमवर, निन्टेन्डोच्या घरगुती गेम यंत्रावर, एक गडी धावत-उड्या मारत होता आणि दुसरा तलवार फिरवत होता, त्याच फॅमिकॉमवर ड्रॅगन क्वेस्टचे कर्ते युजी होरींनी चारच शब्दांचा मेनू समोर ठेवला आणि "निवडा" म्हणाले. त्यांना दुसरं काही जमत नव्हतं म्हणून नाही, त्यांना तेच हवं होतं.

होरी हे संगणकावरच्या विझर्ड्री आणि अल्टिमा या अमेरिकन खेळांचे भक्त. शिवाय १९८३ साली त्यांनी पोर्टोपिया नावाचा खुनाच्या तपासाचा खेळ केला होता. तो फॅमिकॉमवर आणताना अडचण आली: कीबोर्डच नाही, तर खेळणारा आज्ञा टाइप कुठून करणार? मग यादीतून आज्ञा निवडायची सोय केली. हीच यादी पुढे ड्रॅगन क्वेस्टच्या लढाईत आली. ज्याचे हात चपळ नाहीत, त्यालाही गोष्ट शेवटपर्यंत बघता यावी, हा त्यातला खरा डाव. मारिओत एका खड्ड्यापाशी अडकलास की अडकलास. ड्रॅगन क्वेस्टमध्ये राक्षस हरत नसेल तर गावाबाहेर जा, स्लाइम नावाचे किरकोळ राक्षस मार, लेव्हल म्हणजे पात्राची ताकद वाढव, परत ये. आकडेसुद्धा मुद्दाम सोपे: ढोबळ मानाने तुझ्या हल्ल्याच्या निम्म्यातून समोरच्याच्या बचावाचा पाव भाग वजा केला की इजा निघते. दहा गुणांची नवी तलवार घेतली तर घाव पाचाने वाढणार. चौथीतलं पोरगं दुकानात उभं राहून तोंडी हिशेब करू शकतं, आणि जपानातल्या पोरांनी तो केलाच.

जपानी लोक बोलताना याला बहुतेकदा 'कमांड बॅटल' म्हणतात. या शब्दाचा तुला उपयोग होईल, कारण 'टर्न' म्हटलं की आपलं सगळं लक्ष पाळीवर जातं आणि निवड बाजूला राहते. फायनल फॅन्टसीचंच बघ. १९९१ साली चौथ्या भागात हिरोयुकी इतोंनी एटीबी (अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल) ही पद्धत आणली. फॉर्म्युला वनची शर्यत बघताना त्यांना ती सुचली: प्रत्येक गाडीचा वेग वेगळा, तसं प्रत्येक पात्राचं मीटर आपापल्या वेगाने भरणार. तू मेनूत शोधाशोध करत बसलास तर शत्रू थांबणार नाही. म्हणजे कडक अर्थाने पाळी तिथेच, ३५ वर्षांपूर्वी सुटली होती! कमांड मात्र राहिली. २०२० च्या फायनल फॅन्टसी ७ रीमेकमध्येही तू तलवार फिरवतोस ती मीटर भरायला. मीटर भरलं की तू मेनू उघडतोस आणि काळ मंदावतो. कमांड पूर्णपणे बाजूला पडली ती २०२३ च्या सोळाव्या भागात. तिथे लढाईची जबाबदारी र्‍योता सुझुकी यांच्याकडे होती आणि ते कॅपकॉममधून, डेव्हिल मे क्राय या अ‍ॅक्शन मालिकेच्या घरातून आलेले. निर्माते नाओकी योशिदांनी मुलाखतीत कारणही सरळ सांगितलं होतं: आपण स्वतः कमांड निवडत वाढलो, पण बटण दाबलं की लगेच माणूस हलतो अशा खेळांवर वाढलेल्या तरुणांना मधे मेनू कशाला हेच कळत नाही.

योशिदांचं म्हणणं थट्टेवारी नेऊ नको. त्यांचा खेळ पहिल्या आठवड्यात ३० लाखांवर गेला, म्हणजे तो पडला असंही कोणी म्हणू शकत नाही. आणि त्यांची अडचण खरी आहे. ठिपक्याठिपक्यांची चार चित्रं एका रांगेत उभी आहेत, समोर राक्षस आपली वाट बघतोय, हे डोळा मान्य करतो, कारण तो एक संकेत आहे. तमाशातला राजा व्यासपीठाला एक फेरी मारतो आणि आपण दुसर्‍या गावाला पोचलो हे मानतो ना, तसंच. पण चेहर्‍यावरची रंध्रं दिसतील इतका खरा माणूस उभा केलास, मागे शहर जळतंय, आणि तो हातात तलवार घेऊन शिस्तीत आपला नंबर येण्याची वाट बघतोय, की संकेत तुटतो. खर्च जितका वाढतो तितका हा बेबनाव वाढतो. मोठ्या कंपन्या अ‍ॅक्शनकडे पळाल्या त्यामागे तरुणांच्या आवडीइतकंच हेही कारण आहे, असं माझं मत.

यावर सगळ्यात झकास तोड काढली ती र्‍यू गा गोतोकू स्टुडिओने. याकुझा ही मारामारीची मालिका, गल्लीत सायकल उचलून डोक्यात घालण्यासाठी प्रसिद्ध. १ एप्रिल २०१९ ला त्यांनी एक व्हिडिओ टाकला, त्यात टोळीवाले रांगेत उभे आणि खाली मेनू. सगळे हसले, एप्रिल फूल म्हणून. जानेवारी २०२० मध्ये सातवा भाग आला आणि तो खरोखर तसाच होता. नायक इचिबान कासुगा लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्टवेडा, त्यामुळे लढाई सुरू झाली की समोरचे गुंड त्याच्या डोक्यात राक्षसांची रूपं घेतात. रस्त्यावरचे लोक रांगेत का उभे राहतात? कारण इचिबानला तसं दिसतं. एका वाक्यात प्रश्न संपला. पुढचा भाग, इन्फिनिट वेल्थ, जानेवारी २०२४ मध्ये आला आणि आठवड्यात १० लाख विकला गेला. "सगळे टर्नकडून अ‍ॅक्शनकडे चाललेत" म्हणणार्‍याला हे उलट्या दिशेने गेलेलं उदाहरण दाखव.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटलस कंपनीचा टर्न-बेस्ड मेटाफर: रीफँटाझिओ पहिल्याच दिवशी १० लाखांवर गेला. नोव्हेंबरमध्ये ड्रॅगन क्वेस्ट ३ नव्या रूपात आला, लढाई तीच १९८८ ची, आणि तोही २० लाखांच्या पुढे. शांघायच्या मिहोयोचा टर्न-बेस्ड खेळ होंकाई: स्टार रेल २०२३ पासून फोनवर जगभर खेळला जातोय. आकडे एवढे पुरे. आकड्यांनी फक्त इतकं सिद्ध होतं की गिर्‍हाईक आहे. खेळ चांगला कशाने होतो ते त्यातून कळत नाही, आणि तुला खरी गरज त्याची आहे.

त्यासाठी एकच लढाई जवळून बघू. शिन मेगामी टेन्सेई ३: नोक्टर्न, २००३ सालचा खेळ. त्याच्या नंतरच्या विस्तारित आवृत्तीत माटाडोर नावाचा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, आला, आणि जगभरातल्या खेळाडूंच्या मनात तो अजून सलतो.

आधी नियम. तुमच्या बाजूला चार जण असतील तर कोपर्‍यात चार आयकॉन दिसतात. साधी चाल केली, एक आयकॉन गेला. शत्रूच्या वीकनेसवर (कच्च्या बाजूवर) घाव घातला किंवा क्रिटिकल (खास जोरदार घाव) बसला तर अर्धाच जातो, म्हणजे चारात आठ चाली निघू शकतात. घाव चुकला किंवा शत्रूवर त्याचा परिणामच झाला नाही, तर दोन जातात. त्याने तो परतवला किंवा शोषून घेतला तर सगळे जातात. स्वतः काही न करता पाळी पुढच्याला दिलीस तर अर्धा. शत्रूलाही हेच नियम. संपलं, एवढंच.

आता माटाडोर. सांगाडा, अंगावर बैलझुंजीवाल्याचा झगमगता पोशाख. तो सुरुवातीलाच लाल कापड फडकवतो आणि त्याची चपळाई कमाल पातळीला जाते. तू आतापर्यंत केलंस तेच करतोस, जोरात हल्ला. चुकला. दोन आयकॉन गेले. पुन्हा हल्ला, पुन्हा चुकला, चारही गेले. चार जणांपैकी दोघांनी हातसुद्धा हलवला नाही. मग त्याची पाळी: सगळ्यांवर वार्‍याचा मंत्र. तुझ्या पार्टीतला एक राक्षस (या खेळात सोबतीही राक्षसच असतात) वार्‍यापुढे कच्चा निघाला, म्हणून माटाडोरला जादा चाल मिळाली. त्या चालीत आणखी एक घाव. दोन-तीन फेर्‍यांत तुझा मुडदा.

लेव्हल वाढवून परत गेलास तरी फारसं हलत नाही, कारण घाव लागतच नाहीये. इथे पहिल्यांदा कळतं की तो खेळ तुझ्याकडून काय मागतोय. वार्‍यापुढे कच्चा गडी काढून टाकायचा, भले तो लाडका असो. त्याची चपळाई उतरवणारा किंवा आपली वाढवणारा मंत्र ज्याच्याकडे आहे, त्याला आधी संधी द्यायची. आणि ज्याच्या हातात या घडीला कामाचं काही नाही, त्याने मुकाट्याने पाळी सोडायची, कारण चुकलेला घाव दोन आयकॉन खातो आणि सोडलेली पाळी अर्धाच. मी पहिल्यांदा हरलो तेव्हा कंट्रोलर आपटला होता. पाचव्यांदा जिंकलो तेव्हा वहीत नोंदी होत्या. पर्सोना ५ मधली 'वन मोअर', म्हणजे वीकनेसवर घाव बसला की जादा चाल, ही याच घराण्यातली, फक्त तिचा स्वभाव मवाळ आहे.

यात कुठेही बोटांची चपळाई लागली नाही. तरी छातीत धडधडतं. "टर्न-बेस्ड संथ असतं" म्हणणार्‍यांना मी नेहमी ही लढाई दाखवतो. संथ असते ती रिकामी चाल. जी चाल निवडताना डोक्याला काहीच करावं लागत नाही, फक्त बटण दाबायचं आणि अ‍ॅनिमेशन संपायची वाट बघायची.

तुमच्या खेळाचा हा हिशेब कागदावर मांडा. समज, बाजूला चार, समोर तीन, म्हणजे फेरीला सात चाली. लढाई पाच फेर्‍यांची धर, ३५ चाली झाल्या. प्रत्येक चालीचं अ‍ॅनिमेशन तीन सेकंदांचं असेल तर १०५ सेकंद. आता खरं सांगायचं: या पावणेदोन मिनिटांत खेळणार्‍याने विचार करून किती निर्णय घेतले? दोन? मग बाकीचा वेळ तो तुमचं अ‍ॅनिमेशन सोसतोय. एका मोबाइल गेमवर आम्ही तीन महिने नवनवे हल्ले रंगवत बसलो होतो. चाचणीला आलेल्या पोरांनी दुसर्‍याच दिवशी लढाई आपोआप खेळणारं ऑटोचं बटण दाबलं आणि फोन टेबलावर ठेवून चहा प्यायला गेली. बरं, तक्रार एकाचीही नाही. "मस्त आहे" म्हणाली सगळी! तेव्हापासून कोणी 'मस्त' म्हटलं की मी आधी त्याने ऑटो कधी दाबलं ते बघतो.

पण इथे स्वतःलाच टोकतो. रिकामी चाल म्हणजे सरसकट पाप असं मी पूर्वी ठासून सांगायचो, आता सांगत नाही. ड्रॅगन क्वेस्ट खेळणारा जपानी मध्यमवयीन माणूस रात्री जेवण झाल्यावर तासभर स्लाइम मारतो, त्यात निर्णय वगैरे काही नसतो. आपल्याकडे बायका गप्पा मारत शेंगा सोलतात, त्यात तरी कुठे निर्णय असतो? हात चालू राहतात, मन शांत होतं. होरींना हे नेमकं कळलेलं आहे. १९९० च्या चौथ्या भागातच त्यांनी सोबत्यांना "जपून लढा", "जोर लावा" असे ढोबळ हुकूम देऊन मोकळं व्हायची सोय केली होती. मे २०२१ मध्ये बारावा भाग जाहीर करताना कमांड लढाईचं रूप बदलणार, पण ती काढून टाकणार नाही, असं ते म्हणाले तेव्हा जपानात केवढी चर्चा झाली. तेव्हा रिकामी चाल ठेवायची तर जाणूनबुजून ठेव, आणि ती लवकर संपू दे. १९९४ चा मदर २ यात कमाल करतो: तू शत्रूपेक्षा फारच बलवान असलास तर लढाई उघडतच नाही, थेट "जिंकलात" येतं.

आता तुझ्या मनात असेल ते क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३. फ्रान्समधल्या माँपेल्येची सँडफॉल ही छोटी कंपनी, एप्रिल २०२५ मध्ये खेळ आला, तीन दिवसांत १० लाख, आणि वर्षअखेरीला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम. जपानी आरपीजीवर प्रेम करणार्‍या फ्रेंच पोरांनी टर्न-बेस्ड लढाई करून हे मिळवलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण लगेच प्रत्येक शिकाऊ टीमच्या आराखड्यात 'पॅरी' दिसायला लागलीय, त्याची मात्र धास्ती वाटते. शत्रूच्या पाळीत योग्य क्षणी बटण दाबून घाव अडवायचा, ही कल्पना नवी नाही. १९९६ च्या सुपर मारिओ आरपीजीत घाव घालताना आणि झेलताना वेळ साधून बटण दाबता यायचं. तिथे तो वरचा मसाला होता. एक्स्पिडिशन ३३ मध्ये तो मुख्य पदार्थ आहे: ज्याला पॅरी अचूक जमली त्याला इजाच होत नाही, आणि मग औषधं, ढाली, बचावाचे मंत्र यांचं वजन उतरतं. ज्याला जमत नाही तो कितीही हुशारीने चाल खेळला तरी मार खातो. त्यांनी ते संगीत, दृश्यं आणि पात्रांची वेगवेगळी तंत्रं यांनी इतकं सावरलंय की खटकत नाही. तुम्ही चौघं ते सावरू शकाल का? पॅरी नीट वाटायची तर शत्रूचं प्रत्येक अ‍ॅनिमेशन हाताने, एकेक फ्रेम मोजून बसवावं लागतं. म्हणजे ज्या खर्चाला घाबरून टर्न-बेस्ड घेतलं तोच खर्च मागच्या दाराने घरात आला. आणि होरींनी ज्यांच्यासाठी मेनू आणला होता, तो संथ हातांचा माणूस पुन्हा बाहेरच राहिला.

अ‍ॅक्शनविरुद्धचं माझं खरं कारणही हेच. चांगल्या अ‍ॅक्शनला अ‍ॅनिमेटर लागतात, कॅमेरा सांभाळणारा लागतो, घाव लागल्यावर जो एक क्षण सगळं थिजतं तो क्षण कळणारा माणूस लागतो. चौघांच्या टीमकडे हे नसतं. तुमच्याकडे आहे ते डोकं आणि एक्सेल शीट, आणि टर्न-बेस्ड लढाई त्यावर उभी राहते.

नक्कल करायचीच तर २००१ च्या फायनल फॅन्टसी १० ची करा. उजव्या कडेला पुढे कोणाची पाळी आहे त्याची यादी सतत दिसते. एखादी चाल निवडायच्या आधीच कळतं की ती केल्यावर आपण यादीत किती खाली जाऊ. हलकी चाल केली तर पाळी लवकर परत येते, जड केली तर उशिरा. मैदानात तिघंच, पण पाळी आली की बाहेर बसलेल्यांपैकी कोणालाही फुकटात आत घेता येतं: उडणार्‍या शत्रूला वाक्का, कवचवाल्याला ऑरॉन, जेलीसारख्या थुलथुलीत प्राण्याला लुलूचे मंत्र. काही लपवलेलं नाही, तरी प्रत्येक पाळीला विचार करावासा वाटतो. तोशिरो त्सुचिदांची ही रचना इतक्या वर्षांनंतरही कोणी पुरती वापरून संपवलेली नाही, असं मला वाटतं. २०१८ च्या ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलरमध्ये यादी आहे, वर शत्रूची ढाल फोडायची आणि साठवलेले गुण एकदम उधळायचे. तेही बघून घ्या.

सुरुवातीला कोड लिहू नका. पत्त्यांचा कॅट घ्या. बदाम आग, इस्पिक बर्फ, किलवर वारा, चौकट वीज. चार पत्ते तुमचे, तीन शत्रूचे, नोक्टर्नच्या आयकॉनऐवजी काड्यापेटीतल्या काड्या, अर्ध्यासाठी काडी मोडायची. एकाने शत्रू व्हायचं आणि नियम पाळून निर्दयपणे खेळायचं. बाजूला फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. खेळणारा "थांब, थांब, जरा बघू दे" म्हणाला की वेळ लिहून घ्या. दहा मिनिटांत हे एकदाही ऐकू आलं नाही तर नियम बदला आणि दुसर्‍या दिवशी पुन्हा बसा. आम्ही एका लढाईसाठी असे अकरा दिवस बसलो होतो, काड्यापेट्या किती संपल्या ते विचारू नको.

तू आणखी एक विचारलं होतंस, चालता चालता अचानक लढाई लागावी की शत्रू नकाशावर आधीच दिसावेत. दिसू देत. यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.